ॲक्सिस कुणाला द्यायचा? फ्लाइट सिम्युलेटरच्या कंट्रोलरमागची गोष्ट

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये नवी रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायाची पेडलं) जोडली की एक फजिती बहुतेकांच्या वाट्याला येते. विमान धावपट्टीवर उभं असतं, आपण पायाने ब्रेक चाचपून बघतो, आणि पडद्यावरची स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, स्वतःहून एका कोपऱ्यात जाऊन बसते. पेडलमध्ये बिघाड नसतो. बऱ्याच पेडलांत डाव्या-उजव्या ब्रेकच्या ॲक्सिसची (किती हललं ते कळवणाऱ्या वाहिन्यांची) नावं एक्स आणि वाय असतात. हा सिम्युलेटर मात्र नव्याने दिसलेल्या प्रत्येक उपकरणाचा एक्स म्हणजे रोल (पंख कलवणं) आणि वाय म्हणजे पिच (नाक वर-खाली करणं), असं परस्पर ठरवून टाकतो. ॲक्सिसच्या तक्त्यात स्टिकचा रकाना ठेवून बाकीचे पुसले की भागतं. पण एक्स-वाय म्हणजे स्टिकच, ही समजूत फार जुनी आहे.

१९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीसाठी गेमचं एक कार्ड काढलं. १५ पिनांचं सॉकेट, ४ ॲक्सिस, ४ बटणं. हिशेब दोन खेळाडूंचा होता: प्रत्येकाला एक स्टिक, दोन ॲक्सिस, दोन बटणं. एकट्या माणसाला हातापायांनी मिळून चारही लागतील, हा विचार त्यात दिसत नाही.

कार्डात थेट मोजमापाची सोयही नव्हती. स्टिकच्या बुडाशी, फिरवला की विद्युत रोध बदलणारा पोटेन्शिओमीटर असायचा, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसलाच. प्रोग्रॅमने इशारा दिला की एक कपॅसिटर भरू लागायचा आणि तो भरेपर्यंत प्रोग्रॅम नुसता आकडे मोजत बसायचा. स्टिक एका टोकाला असेल तर सुमारे २४ मायक्रोसेकंद, दुसऱ्या टोकाला असेल तर ११०० च्या वर. संगणक जितका वेगवान तितके आकडे जास्त, त्यामुळे मशीन बदललं की तीच स्टिक वेगळं बोलायची. ‘स्टिक वर डावीकडे न्या, बटण दाबा’ हा कॅलिब्रेशनचा, म्हणजे स्टिकची टोकं संगणकाला ओळखवून देण्याचा, सोपस्कार तिथूनच आला.

शिवाय पोटेन्शिओमीटर झिजायचे. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर यायची, ती इथे विमानाच्या नाकाला यायची, आणि तीही नेमकी नेम धरताना. माझी पहिली स्टिक उघडली तेव्हा कार्बनच्या काळ्या पट्टीवर मधोमध, जिथे ती सर्वाधिक वेळ असते तिथे, चकचकीत चरा पडलेला दिसला. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा स्प्रे मारून आणखी काही महिने ढकलले.

चार ॲक्सिसची ओढाताण नव्वदच्या दशकात रंगली. दोन स्टिकला गेले, तिसरा रडरला. स्टिक बनवणाऱ्या थ्रस्टमास्टरने चौथ्यावर अंगठ्याचा हॅट स्विच बसवला: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहण्यासाठी प्रत्येक दिशेला एकेक ठरावीक रोध. मग इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल कुठे जाणार? तो कीबोर्ड आणि संगणकाच्या मध्ये जोडला गेला आणि लीव्हर सरकवला की कळ दाबल्याचे संदेश पाठवू लागला. जुगाडच, पण चालला.

खऱ्या कॉकपिटमध्येही हातांची वाटणी बदलतच होती. स्टिक आणि थ्रॉटलवरचे हात न उचलता शस्त्रं आणि रडार चालवायची, या होटास कल्पनेची सुरुवात ब्रिटनच्या लाइटनिंग विमानात फेरांटीच्या रडारबरोबर झाली. एफ-१५ आणि एफ-१६ने ती रूढ केली. एफ-१६ची पहिली स्टिक तर जवळपास हलतच नसे, फक्त हाताचा दाब ओळखायची. २० जानेवारी १९७४ ला वेगाने टॅक्सीची, म्हणजे जमिनीवरच धावण्याची, चाचणी चालू असताना नमुना विमान डावी-उजवीकडे इतकं हेलकावलं, की जमिनीवर आदळण्यापेक्षा बरं म्हणून वैमानिकाने ते उडवलंच. पुढे रोलची संवेदनशीलता कमी करण्यात आली. आपण सेटिंगमध्ये कर्व्ह (स्टिक किती हलली की विमानाने किती प्रतिसाद द्यायचा, ते ठरवणारी वक्ररेषा) लावतो तेव्हा घरबसल्या त्याच जातीचं काम करत असतो. टेबलावरची स्टिक बुटकी असते आणि हात बोटभर हलला तरी नाक उसळतं, म्हणून मधला भाग मऊ करून घ्यायचा.

यूएसबी आली आणि टंचाई संपली. विंडोजच्या डायरेक्टइनपुटमध्ये एका उपकरणाला ८ ॲक्सिस आणि १२८ बटणं मिळतात. २०१० च्या थ्रस्टमास्टर वॉर्टहॉगच्या स्टिकमध्ये घासणारी पट्टीच नाही: चुंबक, त्याचं क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर आणि प्रत्येक ॲक्सिसवर ६५,५३६ पायऱ्या.

आता अडतं ते विमानापाशी. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच फ्रेंच आणि इटालियन विमानांत ताकद वाढवायला थ्रॉटल मागे ओढावा लागे. डीसीएसच्याच २००८ च्या ब्लॅक शार्कमध्ये कामोव्ह हेलिकॉप्टरचा कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा लीव्हर, वर खेचायचा असतो. पुढे-मागे सरकणारा थ्रॉटल त्याला दिला, तर ‘इन्व्हर्ट’वर (ॲक्सिसची दिशा उलटी करण्यावर) टिचकी मारायची की नाही, यावर दोन पंथ आहेत.

आणि मिग-२१. नाशिकजवळ ओझरला एचएएलने परवान्यावर बांधलेलं आणि २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालेलं हे विमान डीसीएसमध्ये २०१४ पासून उडवता येतं. त्याला पेडलवर वेगवेगळे ब्रेक नाहीतच. स्टिकवर एक लीव्हर असतो. तो दाबायचा आणि कुठल्या चाकाला ब्रेक लागणार ते रडर पेडलने ठरवायचं. पुढचं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे जमिनीवर वळायला दुसरा मार्ग नाही. महागड्या पेडलांचे दोन्ही ब्रेक इथे बिनकामाचे. त्याऐवजी स्टिकवर लीव्हर असेल तर त्याला, नाहीतर थ्रॉटलवरच्या एखाद्या रिकाम्या फिरकीला ब्रेकचा ॲक्सिस द्यावा. नुसतं बटण दिलं तर ब्रेक एकदम पूर्ण लागतो आणि पहिल्याच वळणावर विमान गवतात.