नवरा-बायको भांडली, आइसलँडमध्येसुद्धा

नवरा भांडला. बायको भांडली. आणि एकमेकांशी? ‘नवरा-बायको भांडली.’ हे दुसरं ‘भांडली’ स्त्रीलिंगी नव्हे, ते नपुंसकलिंगी अनेकवचन. ती दोघं. दोघे नाहीत, दोघी नाहीत, दोघं! मराठीतलं नपुंसकलिंग म्हणजे पोरांच्या डोक्याला उगाच ताप, असं म्हणणाऱ्यांनी या अनुस्वाराकडे एकदा नीट पाहावं.

आइसलँडिक भाषेत हेच चालतं. नुसते पुरुष असले तर ‘थेइर’, नुसत्या बायका असल्या तर ‘थाइर’ आणि मिसळलेली मंडळी असली की नपुंसकलिंगी ‘थोय’. (हा थ आपला नव्हे, जिभेचं टोक दातांशी ठेवून नुसती हवा सोडायची, इंग्रजी ‘थिंक’सारखी.) ‘थोय’ प्रथमा-द्वितीयेत तसंच राहतं. ‘त्यांना’ म्हणजे ‘थेइम’, ‘त्यांचं’ म्हणजे ‘थेइरा’, आणि इथे तिन्ही लिंगं एक होतात. उत्तरेकडच्या दर्यावर्दी व्हायकिंगांनी हीच सर्वनामं इंग्लंडात नेली. इंग्रजीतले दे, देम, देअर त्यांचेच.

माझा पाय अडकतो तो ‘थेइरा’त. शाळेत ‘तस्य तयोः तेषाम्’ घोकलंय ना? ‘तेषाम्’ आणि ‘थेइरा’ एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. जर्मानिक भाषांत (आइसलँडिक, इंग्रजी, जर्मन यांचं कुळ) मूळ त चा थ झाला: तू चा ‘थू’, त्रि चा ‘थ्रीर’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला हा नियम. पुढचा स उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांत आधी इंग्रजी ‘झू’मधल्या झ सारखा घोगरा झाला, मग र. संस्कृतात तोच स, मागे ए आल्यामुळे, ष झाला. स्त्रीलिंगी ‘तासाम्’मध्ये मागे आ आहे, म्हणून तिथे तो शाबूत आहे.

म्हणजे ‘तेषाम्’मध्ये खुद्द संस्कृतानेही मूळ ध्वनी बदलला आहे. ‘सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप पुढे ढकलण्याआधी एवढं लक्षात घ्या: संस्कृत आणि आइसलँडिक या दोघी बहिणी, आई तिसरीच.

आणि मिश्र जोडीला नपुंसकलिंग? ते तर मराठीने पाणिनीच्या संस्कृताकडून घेतलेलंच नाही. त्याचं सूत्र आहे ‘पुमान् स्त्रिया’: स्त्रीबरोबर पुरुष आला की उरतो पुरुषवाचक शब्द. आई-वडिलांसाठी वेगळं सूत्र आहे, ‘पिता मात्रा’: दोघं मिळून ‘पितरौ’, तेही पुल्लिंगी.