ढिवर समाज आणि नागपूरकडची मासेमारी

नागपूरला समुद्र नाही पण मासोळी भरपूर खाल्ली जाते, आणि इकडच्या नद्या-तलावातून ती धरणारे लोक म्हणजे मुख्यतः ढिवर, सोबत भोई, केवट, कहार. सरकारी यादीत हे सगळे भटक्या जमाती (ब) मध्ये येतात. यांचं पोट वैनगंगा, कन्हान, पेंच या नद्यांवर आणि गावोगावच्या बोड्या (लहान तळी), मामा तलावांवर. मामा म्हणजे माजी मालगुजारी, १९५१ ला मालगुजारी (जमीनदारीसारखी जुनी महसूल पद्धत) संपली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून हे नाव. भंडारा-गोंदियाकडे असे तलाव जास्त आहेत.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तलाव यांच्या मालकीचा नसतो. मच्छीमार सहकारी संस्था तो ठेक्यानं घेते, पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळची बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडते, पण पाणी आधी धानाला जातं आणि ते गेलंच पाहिजे हेही खरं, मात्र तलाव लवकर आटला की मासोळी वाढायच्या आत काढावी लागते आणि भाव मिळत नाही, उलट पाऊस जोरात झाला तर बोटुकली सांडव्यावरून वाहून जाते. दोन्हीकडून नुकसान ठेका भरणाऱ्याचंच. त्यात बेशरमची झाडं (पाण्याकाठी रान माजवणारी झुडपं) माजली की जाळं फाटतं.

महाराष्ट्राच्या बाजूच्या पेंचच्या जंगलाला १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाच्या पाण्यात मासेमारी बंद, आणि त्यावर जगणाऱ्यांचा वनखात्याशी संघर्ष बरीच वर्षं चालला.

कामाची साधनं अजूनही साधी, डोंगा (लहान होडी), फेकजाळं, नाहीतर ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब. तासन्‌तास पाण्यात राहायचं, लाइफ जॅकेट वगैरे सहसा नसतंच.

बायकांचं काम तर मोजलंच जात नाही असं मला वाटतं. टोपलं घेऊन आठवडी बाजारात बसणं, मासोळी साफ करून देणं, उधारी वसूल करणं हे त्याच करतात. हिवाळ्यात नागपुरात आपण उकडलेले काळे शिंगाडे घेतो ना, त्यातला बराचसा माल याच तलावांतला, याच लोकांनी पिकवलेला.

आणि आपल्या शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेत, शेवटी गोसीखुर्दच्या धरणात जातं. तिथेही जाळी टाकणारे ढिवरच आहेत.