तुमची डाय सध्या कोणाकडे आहे?

ब्लॉकचेन ॲसेट रजिस्टरविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर. कुठल्याही प्रेस शॉपच्या रॅकवर मालकीविषयी छातीठोकपणे कोणी बोलणार नाही अशा डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) पडलेल्या दिसतात. टूलिंगचे, म्हणजे डाय बनवण्याचे, पैसे पार्टीने एकरकमी दिले होते, की पीस रेटमधून (नगामागच्या दरातून) हळूहळू वसूल झाले? पॉलिशला टूल रूमकडे गेलेला मोल्ड परत आला का? माल पाठवल्याचे चलन केले होते, पण कोणत्या फाइलला लावले?

या गोंधळाला कायद्याचाही थोडा हातभार आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा माल १ वर्षात आणि यंत्रसामग्री ३ वर्षांत परत यावी लागते. नाही आली, तर पाठवली त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरून कर लागतो. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना मात्र ही मुदत नाही. सवलत सोयीची आहे, पण मुदतच नसल्यामुळे वर्षानुवर्षे कोणी विचारतही नाही. सुपरवायझर बदलतो, चलनाची शाई उडते आणि ताळेबंदात तुमच्या नावावर असलेली वस्तू भलत्याच गाळ्यात गंजत राहते.

आमचे रजिस्टर मुख्यतः याच कामासाठी आहे. डाय गेटबाहेर पडताना तिचा नंबर, फोटो, शॉट्सचा आकडा (आतापर्यंत किती ठोके मारले) आणि तारीख मोबाइलवर भरायची. माल घेणाऱ्याने त्याच्या मोबाइलवरून होकार दिला की नोंद पक्की होते. प्रत्येक नोंदीवरून एसएचए-२५६ या पद्धतीने ६४ अक्षर-अंकांचा एक कोड निघतो आणि तो पुढच्या नोंदीत गुंफला जातो. अशा गुंफलेल्या नोंदींची साखळी म्हणजेच ब्लॉकचेन. मागे जाऊन एखादी तारीख बदलली, तर त्या नोंदीचा कोड बदलतो आणि पुढच्या नोंदींशी तो जुळत नाही. रजिस्टरची एक प्रत तुमच्याकडे, एक जॉबवर्करकडे, एक तुमच्या सीएकडे राहते. त्यामुळे कोणा एकाला गुपचूप खाडाखोड करता येत नाही.

‘आमच्या टॅलीत एडिट लॉग (कोणती नोंद कधी बदलली याची यादी) आहे की!’ असे बरेच जण म्हणतात. बरोबर आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारकच आहे. पण तो लॉग तुमच्या वहीचा. भांडण होते ते तुमची वही आणि समोरच्याची वही यांच्यात.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: हे बिटकॉइनचे काही आहे का? नाही. इथे कॉइन नाही, मायनिंग नाही, भाव चढणे-पडणे नाही. आमचे नेटवर्क बंदिस्त आहे आणि ते हायपरलेजर फॅब्रिक या सॉफ्टवेअरवर चालते. नोंदी साखळीत बांधण्याची मूळ कल्पना बिटकॉइनच्या बरीच आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी ती १९९१ मध्ये मांडली. १९९५ पासून त्यांची कंपनी असा कोड दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातीसारखा छापत असे. घरोघरी गेलेला पेपर परत गोळा करून कोण बदलणार?

आता मर्यादा. या विषयावर विक्रेते फार गोड बोलतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही, पण ती खरी आहे की नाही हे तिला कळत नाही. खोटी नोंद दोघांनी संगनमताने केली, तर तीही कायमची टिकते. चुकीची नोंद खोडता येत नाही, हिशेबात करतो तशी उलट नोंद करावी लागते. क्यूआर स्टिकर तेलात आणि उष्णतेत टिकत नाही, शिवाय एकाचा काढून दुसऱ्यावर चिकटवता येतो. म्हणून डायवर नंबर पंच केलेलाच हवा आणि फोटोत तो वाचता आला पाहिजे.

फोटो साखळीत जात नाही, फक्त त्याचा कोड जातो. मूळ फोटो हरवला तर कोडवरून तो परत मिळत नाही, तेव्हा बॅकअप ठेवाच. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला, तर तो दाबून लहान केला जातो आणि कोड जुळत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कामगारांची नावे, फोन नंबर साखळीत घालू नका. पुढे ते पुसता येणार नाहीत.

कोर्टात याचा उपयोग होतो का? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात असाच हॅश कोड लिहावा लागतो. तो तुमच्याकडे आधीपासून तयार राहतो. पुरावा मानायचा की नाही हे अर्थात कोर्टच ठरवणार. बँकेचे हायपोथिकेशन (कर्जासाठी दिलेले तारण) असेल तर त्याची नोंदणीही वेगळी होते. आमचे रजिस्टर तिची जागा घेत नाही.

घसाऱ्यासाठी मात्र एक तारीख नीट भरा: यंत्र प्रत्यक्ष वापरात आल्याची. प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्रांना १५ टक्के आणि संगणकांना ४० टक्के घसारा मिळतो, पण पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी भरला तर निम्माच. बिल सप्टेंबरचे आणि मशीन चालू झाले दिवाळीनंतर, अशा वेळी चालू झाल्याची तारीखच धरली जाते.

तुमची सगळी यंत्रे एकाच शेडमध्ये असतील आणि बाहेर काही जात नसेल, तर हे घेऊ नका. एक्सेलची यादी, पंच केलेला नंबर आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजणी पुरे. समोरची पार्टी होकार द्यायला तयार नसेल तरीही पैसे वाया जातील. मार्स्क आणि आयबीएम यांच्यासारख्या बलाढ्य कंपन्यांनी जहाजी मालासाठी उभारलेले ट्रेडलेन्स याच अडचणीपायी बंद करावे लागले. उद्योगातून पुरेशी साथ मिळाली नाही, असे कारण त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गुंडाळण्याची घोषणा करताना दिले होते.

नोंदणी सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंनी मिळून रॅकवरच्या डाय मोजाव्यात आणि प्रत्येकीची मालकी लेखी कबूल करावी. ज्या डायवर एकमत होणार नाही, ती आम्ही ‘मालकी अनिर्णित’ असा शेरा मारूनच चढवतो. दोघांचे पत्र आल्याशिवाय शेऱ्याखाली नवी नोंद होत नाही.