शुक्रवारचा कागद
पालकांसाठी माहितीपत्रक

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बालवाडीत आणि पाळणाघरात मिळून ४२ मुलं आहेत. दर शुक्रवारी प्रत्येकाच्या डब्याच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद घरी येतो. बरेच पालक तो वाचतात, काही आजोबा तो फाइलला लावून ठेवतात, आणि काही कागद सोमवारी भाजीच्या तेलात भिजून जसेच्या तसे परत येतात. नवे प्रवेश झाले आहेत, तेव्हा या कागदात काय असतं, काय मुद्दाम नसतं आणि तो खरा ठरायला तुमच्याकडून काय लागतं, हे एकदा सविस्तर सांगतो. कागदाचे वेगळे पैसे नाहीत, ते फीमध्येच धरलेले आहेत.

कागदाची पुढची बाजू बातम्यांची. आषाढीची दिंडी कधी, टाळ घरून आणायचे की शाळेत मिळतील, व्हॅनवाले काका कोणत्या दिवशी रजेवर आहेत, गणपतीची सुट्टी किती दिवसांची, असं सगळं. दुरुस्तीसाठी ठाण्यात पाणी बंद राहणार असेल तर तेही इथेच येतं. त्या दिवशी पाण्याच्या दोन बाटल्या आणि हात पुसायला जास्तीचा नॅपकिन द्यायचा. या बाजूबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. वाचली की कळते.

मागची बाजू आरोग्याची. प्रश्न तिच्याबद्दलच येतात.

नाव का नसतं

"छोट्या गटात एका मुलाला कांजिण्या." एवढंच छापलेलं असतं. लगेच दोन-चार फोन येतात, "अहो, पण कोणाला?" आम्ही सांगत नाही. फाटकापाशी विचारलंत तरी नाही, आणि मावशींनाही सांगायची परवानगी नाही.

याचं कारण आमचीच एक जुनी चूक. पहिल्या वर्षी आम्ही कागदावर लिहिलं होतं की, मोठ्या गटात नुकत्याच आलेल्या एका मुलीच्या केसांत उवा सापडल्या आहेत. नाव नव्हतंच. पण त्या महिन्यात नवी मुलगी एकच आली होती. पुढच्या आठवड्यात वर्गात एक वाढदिवस झाला आणि तिला बोलावणं गेलं नाही. तिच्या आईने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, फक्त त्यानंतर घरातलं काहीही कळवणं बंद केलं. तिचं बघून आणखी दोघी-तिघींनी बंद केलं. त्या पावसाळ्यात कुणाला काय झालं हे आम्हाला आठ-आठ दिवस उशिरा कळायचं आणि कागदावर शिळ्या बातम्या छापल्या जायच्या.

तेव्हापासून गट सांगतो, आजार सांगतो, तारखा सांगतो. मुलगा की मुलगी, कोणत्या सोसायटीतलं, कोणत्या व्हॅनचं, यातलं काही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, असं आहे. आमचा नियम मात्र त्या वाढदिवसातून आला आहे.

तारखा कशा वाचायच्या

समजा, सोमवारी ७ जुलैला संध्याकाळी एका मुलाच्या पोटावर पाण्याने भरलेले फोड दिसले आणि डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून हा आजार दुसऱ्याला लागू शकतो. आधीचे दोन दिवस शनिवार-रविवार होते, म्हणजे वर्गातल्यांशी संबंध आला तो फक्त सोमवारी. लागण झाल्यापासून फोड यायला १० ते २१ दिवस लागतात. म्हणून कागदावर येईल, "१७ ते २८ जुलै लक्ष ठेवा." दुसऱ्याच दिवशी मुलाचं अंग उघडून बघत बसायची गरज नाही. आणि २१ तारखेला "दोन आठवडे झाले, सुटलो" असंही समजू नका.

या तारखा मुलापेक्षा घरातल्या इतरांसाठी जास्त महत्त्वाच्या असतात. घरात गरोदर बाई असेल आणि तिला लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतील किंवा लस घेतलेली नसेल, अगदी तान्हं बाळ असेल, किंवा आजी-आजोबांची केमोथेरपी चालू असेल, तर निरोप मिळाला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शाळेत एखादा दिवस कमी गेलेला चालतो, ह्या फोनला उशीर झालेला चालत नाही.

कांजिण्या आणि गोवर या दोघांसाठी आम्ही शुक्रवारची वाट बघत नाही. कांजिण्यांची लस न घेतलेल्या मुलाला संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका होतो. गोवराच्या लसीला तर ७२ तासच मिळतात. सोमवारची गोष्ट शुक्रवारी छापली की चार दिवस गेलेले असतात. म्हणून या दोन आजारांचा निरोप त्याच दिवशी मोबाइलवर येतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत आणि भिवंडीत गोवर पसरला होता, तो आजार अजून इतिहासजमा झालेला नाही. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस ९ महिन्यांनी आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मोफत मिळते. दुसरा डोस राहून गेलेली मुलं दर वर्षी निघतात. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाच्या कार्डाची प्रत मागतो ती त्यासाठीच. कांजिण्यांची लस सरकारी मोफत यादीत नाही, तिच्याबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

काही घरांत कांजिण्यांना अजून "देवी आल्यात" म्हणतात आणि बाहेर बोलत नाहीत. आजी उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवत असतील तर ठेवू द्या, आमचं काही म्हणणं नाही. फक्त आम्हाला कळवा, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी ठेवा.

सकाळचं सिरप

इथे थोडं स्पष्ट बोलतो. मुलाला रात्री ताप होता, सकाळी पॅरासिटामॉलचं सिरप दिलं, ताप उतरला, साडेआठला मूल शाळेत. त्या औषधाचा असर चार ते सहा तास राहतो. बारा-साडेबाराच्या सुमारास, डबा खाऊन झाल्यावर, मूल आमच्या मांडीवर तापलेलं असतं आणि आई लोकलमध्ये घाटकोपरच्या पुढे पोचलेली असते. नोकरी करणाऱ्या आईबापांची ओढाताण आम्हाला कळते, शाळा चालवणाऱ्या आम्हा दोघींच्या घरीही तेच चालतं. तरी नियम हाच: औषध न देता २४ तास ताप नसेल, तरच शाळा. जुलाब-उलट्या असतील तर शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास.

जुलाबावर ओआरएस देताना पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचा. एक लिटरची पुडी असेल तर ती अख्खी एक लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी पेल्यात कालवून दिली तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवरून 'ओआरएस' हा शब्द काढायला एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं आहे, पण लहान दुकानांत जुना माल सापडू शकतो.

शाळेत औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, मूळ बाटली आणि किती वाजता किती द्यायचं हे तुमच्या हस्ताक्षरात हवं. "ताई, ते गुलाबी औषध पाच मिली द्या" यावर आम्ही देत नाही. पॅरासिटामॉलच्या सिरपात ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, तर दुसऱ्या बाटलीत तेवढ्यातच २५०. तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे पाच मिलीत ५००. रंग आणि वास सारखाच.

खोकल्याची सिरपं आम्ही चिठ्ठीशिवाय हातातही घेत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात विषारी खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. आमची जवळजवळ सगळी मुलं त्या वयातली आहेत.

हात, पाय, तोंड

पाऊस सुरू झाला की पालकांच्या तोंडी एक नाव येतंच, हँड फूट माउथ. तळहात-तळपायांवर फोड, तोंडात व्रण, थोडा ताप. याचा गुरांच्या लाळ्या-खुरकुताशी काही संबंध नाही, विषाणूच वेगळा. जिवाणूंचा आजार नसल्याने अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. मुलं साधारण सात ते दहा दिवसांत बरी होतात. तोंड दुखत असल्याने ती पाणी पीत नाहीत, तिकडे लक्ष ठेवा. गार दही, गार दूध चालतं. लघवी कमी होऊ लागली तर डॉक्टरांकडे न्या.

मूल परत कधी पाठवायचं, यावर आमचा आणि काही पालकांचा दर वर्षी वाद होतो. विषाणू शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो, मग "तीन आठवडे येऊ देऊ नका" असा आग्रह होतो. तितके दिवस मूल घरी ठेवणं कुणालाच शक्य नाही, आणि सौम्य लागण झालेली मुलं तशीही वर्गात असतातच. ताप गेला, फोड सुकले, मूल खाऊ-पिऊ लागलं की घेतो. त्याऐवजी शी झाल्यावर आणि डब्याआधी साबणाने हात धुण्यावर आमचा भर असतो. या विषाणूवर सॅनिटायझर तितकासा चालत नाही, म्हणून सॅनिटायझरच्या बाटल्या पाठवू नका. त्यापेक्षा साबणाची वडी चालेल.

उवांबद्दल थोडक्यात. उवांसाठी मुलाला घरी पाठवत नाही. उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत, डोक्याला डोकं लागून पसरतात. औषध एकदा लावून भागत नाही, लिखा फुटतात म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. बहुतेकांचं तेच राहतं. त्यासाठी कागदावर दुसऱ्या वेळेची तारीखही छापतो. डोक्याला रॉकेल कृपा करून लावू नका.

डोळे आले असतील तर पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत घरी. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ होती तेव्हा शेजाऱ्यांकडचे उरलेले थेंब घालून आलेली मुलं आम्ही पाहिली. तसले थेंब घालू नका, काहींत स्टेरॉइड असतं.

शुक्रवारच का

शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून शुक्रवार. हे खरं आहे, पण पावसाळ्यात शुक्रवारी आणखी एक काम असतं. डेंगूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून भांडी घासून कोरडी केली की ती साखळी तुटते. मावशी शुक्रवारी दुपारी कुंड्यांखालच्या थाळ्या, पाणी बंदच्या दिवसांसाठी भरलेले ड्रम आणि मागच्या गॅलरीतल्या बादल्या रिकाम्या करतात. घरी फ्रिजमागचा ट्रे बघा, तो सगळेच विसरतात. हा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्याच वेळात. जून ते ऑक्टोबर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि ताप डेंगूचा असू शकेल असं वाटत असताना आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन मनाने देऊ नका.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिन. त्याच्या आधीच्या शुक्रवारी कागदाला एक चिठ्ठी जोडलेली असते. इमारतीजवळच्या अंगणवाडीत मुलाने गोळी घेतली असेल तर तसं लिहून द्या, दोनदा नको.

कळवायचं कसं

मोबाइलवरचा निरोप आम्ही व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टने पाठवतो, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा पोचतो. ग्रुप काढत नाही. ग्रुपमध्ये कांजिण्यांच्या निरोपाखाली दहा मिनिटांत सुप्रभाताची फुलं आणि काढ्याची कृती येते, आणि "कोणाला झालंय?" हा प्रश्न ४२ घरांसमोर विचारला जातो. ब्रॉडकास्टची एक अडचण आहे, आमचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह नसेल तर निरोप पोचत नाही. आईच्या फोनमध्ये असतो, बाबांच्या नसतो, आणि मुलाला न्यायला येतात आजोबा. घरातल्या निदान दोन फोनमध्ये नंबर सेव्ह करून आजच आम्हाला "मिळाला" असं लिहून पाठवा.

मूल आजारी असेल तर सकाळी नऊच्या आत तीन गोष्टी कळवा: काय होतंय, कधीपासून, आणि शाळेत शेवटचं कधी आलं होतं. डॉक्टरांचं निदान झालेलं नसलं तरी चालेल, "अंगावर काहीतरी उठलंय" एवढंही पुरे. निदान करणं आमचं काम नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आम्ही आजाराचं नाव छापत नाही. तोवर "एका मुलाला ताप आणि पुरळ, निदान बाकी" असं येतं. गोवराचा संशय असेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रालाही कळवतो, आणि हे त्या पालकांना आधी सांगूनच.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत कागद निघत नाही. पण सुट्टीच्या पहिल्या तीन आठवड्यांत कुणाला कांजिण्या झाल्या तर आम्हाला तेव्हाही कळवा. लागण शेवटच्या दिवशी वर्गातच झालेली असू शकते, आणि बाकीच्या ४१ घरांतली मुलं तोवर मामाच्या गावी पोचलेली असतात. तो निरोप सुट्टीतही त्याच दिवशी जाईल.