ऑफसाइड

ऑफसाइड : अनेक मैदानी खेळांच्या नियमांत आणि खेळाबाहेरच्या काही व्यवहारांत रूढ असलेली इंग्रजी संज्ञा. मराठीत ती मूळ रूपातच वापरली जाते. उच्चार एक असला तरी या संज्ञेखाली दोन वेगळ्या अर्थपरंपरा एकत्र आल्या आहेत. पहिलीत ‘साइड’ म्हणजे खेळाडूचा पक्ष किंवा संघ. फुटबॉल, रग्बी, हॉकी आणि आइस हॉकी यांतील ऑफसाइड हा या परंपरेतला असून तो नियमभंगाशी निगडित आहे. दुसरीत ‘साइड’ म्हणजे दिशादर्शक बाजू. क्रिकेट, पोलो आणि वाहने यांतील ‘ऑफ साइड’ हा त्या परंपरेतला असून त्यात दोषाचा अर्थ मुळीच नाही. विरुद्धार्थी ‘ऑन साइड’ हा शब्दही दोन्हींकडे आढळतो. फुटबॉलमध्ये त्याचा अर्थ ‘नियमाला धरून असलेला’ असा होतो, तर क्रिकेटमध्ये ‘लेग साइड’ असा होतो. त्यामुळे दोहोंची गल्लत होण्याचा संभव वाढतो.

पहिल्या अर्थाचा उगम इंग्लंडमधील निवासी शाळांच्या चेंडूखेळांत आहे, याबद्दल फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो शब्दाच्या मूळ आशयाबद्दल. एका मतानुसार हा लष्करी वाक्प्रचार असून आपल्या तुकडीच्या पटाबाहेर गेलेल्या सैनिकासाठी तो वापरला जाई व पुढे खेळांत आला. मात्र या मताला आधार तोकडा आहे. रग्बी शाळेच्या १८४५ च्या लिखित नियमांत ‘आपल्या पक्षापासून सुटलेला’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आढळतो. आपल्या मागे असलेल्या सहकाऱ्याने चेंडूला स्पर्श केला की प्रतिपक्षाचा स्पर्श होईपर्यंत पुढचा खेळाडू आपल्या पक्षाचा राहत नाही, अशी त्यामागील कल्पना होती. संज्ञा याच कल्पनेतून आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ईटन शाळेच्या खेळात याच दोषाला ‘स्नीकिंग’, म्हणजे चोरटेपणा, म्हणत. चेंडूच्या मागे राहून झुंजण्याऐवजी प्रतिपक्षाच्या गोलाजवळ आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणे अप्रतिष्ठेचे समजले जाई, हे त्या नावावरूनच कळते. असे बंधन सर्वत्र होते असे मात्र नाही. शेफील्ड या इंग्लिश शहरातील फुटबॉल क्लबच्या १८५८ मधील आरंभीच्या नियमांत ते नव्हते.

लंडनमध्ये १८६३ साली स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनच्या पहिल्या नियमावलीत ‘ऑफसाइड’ ऐवजी ‘खेळाबाहेर’ या अर्थाची शब्दयोजना होती. चेंडू मारणाऱ्या सहकाऱ्यापेक्षा प्रतिपक्षाच्या गोलरेषेला जवळ असलेला प्रत्येक खेळाडू खेळाबाहेर ठरे. त्यामुळे पुढे पास देणे जवळजवळ अशक्य होते. १८६६ मध्ये नियम सैल झाला आणि खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असल्यास तो निर्दोष ठरू लागला. आजचा फुटबॉल आणि रग्बी यांच्या वाटा वेगळ्या होण्यात हातांच्या वापराइतकाच या बदलाचाही वाटा आहे, हे पुरेसे लक्षात घेतले जात नाही. १९०७ पासून स्वतःच्या अर्ध्या मैदानात असलेला खेळाडू ऑफसाइड धरला जाईनासा झाला. १९२० पासून थ्रो-इनलाही सूट मिळाली.

तीन खेळाडूंच्या नियमाचा फायदा बचावपटूंनी घेतला. न्यूकॅसल युनायटेडचा बिल मॅक्रॅकन नेमक्या क्षणी पुढे सरकून प्रतिपक्षाच्या आघाडीला वारंवार ऑफसाइडमध्ये पकडण्यासाठी विशेष प्रसिद्ध होता. खेळ सतत थांबू लागला. अखेर स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनच्या प्रस्तावावरून १९२५ मध्ये तीनऐवजी दोन खेळाडूंची अट आली. परिणाम तत्काळ दिसला. नव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, २९ ऑगस्ट १९२५ रोजी, अ‍ॅस्टन व्हिलाने बर्नलीचा १०-० असा पराभव केला. इंग्लिश फुटबॉल लीगच्या चार विभागांतील एकूण गोल आधीच्या हंगामातील ४,७०० वरून ६,३७३ वर गेले. ऑक्टोबरमध्ये आर्सेनल न्यूकॅसलकडून ०-७ असा हरला. त्यानंतर प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी, चार्ली बुकन या खेळाडूच्या आग्रहावरून, मध्यरक्षकाला मागे खेचून तिसरा बचावपटू केला. ‘डब्ल्यू-एम’ या नावाने ओळखली जाणारी (खेळाडूंची मांडणी या दोन इंग्रजी अक्षरांसारखी दिसणारी) रचना त्यातूनच आकाराला आली.

प्रचलित नियम (नियम ११) ऑफसाइड जागा आणि ऑफसाइड गुन्हा यांत भेद करतो. सहकारी चेंडू खेळतो त्या क्षणी डोके, धड किंवा पाय यांचा कोणताही भाग प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असेल आणि तो चेंडू व शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांपेक्षाही गोलरेषेला जवळ असेल, तर खेळाडू ऑफसाइड जागेत असतो. हात आणि दंड मोजले जात नाहीत. शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याशी समपातळीवर असलेला खेळाडू १९९० पासून निर्दोष मानला जातो. जागा हा स्वतः गुन्हा नव्हे. तेथून चेंडू खेळणे, प्रतिस्पर्ध्याला अडथळा करणे किंवा त्या जागेचा लाभ उठवणे हा गुन्हा होय. शिक्षा म्हणून प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. गोल किक, कॉर्नर किक आणि थ्रो-इन यांवरून थेट मिळालेल्या चेंडूला नियम लागू नाही. सहायक पंच प्रथम झेंडा सरळ वर धरतो. शिटी वाजली की गुन्हा मैदानाच्या कोणत्या भागात घडला हे तो त्याच झेंड्याने दाखवतो : पलीकडच्या बाजूसाठी तिरका वर, मध्यभागासाठी आडवा, अलीकडच्या बाजूसाठी तिरका खाली. २०२२ च्या कतार विश्वचषकात छपराखालील १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंची सेकंदाला ५० वेळा नोंद घेत होते, आणि चेंडूतील संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. मूळ नियम चोरट्या वृत्तीला आळा घालण्यासाठी होता. आता निकाल बोटभर अंतरावर लागतो, हे त्याच्या हेतूपासून फार दूर गेल्यासारखे वाटते.

रग्बीत मूळ कल्पना अधिक शुद्ध रूपात टिकली आहे. चेंडू शेवटी खेळलेल्या सहकाऱ्याच्या पुढे असलेला खेळाडू खेळात भाग घेऊ शकत नाही. रक (जमिनीवरील चेंडूभोवतीची झुंज) व मॉल (चेंडू हाती असलेल्या खेळाडूभोवतीची झुंज) यांत आपल्या बाजूच्या सर्वांत मागच्या पायापासून ऑफसाइड रेषा धरतात.

मैदानी हॉकीत नियम टप्प्याटप्प्याने सैल झाला. १९७२ मध्ये प्रतिस्पर्ध्यांची अट तिनावरून दोनावर आली, १९८७ मध्ये तो २५ यार्डांच्या क्षेत्रापुरता उरला, १९९६ मध्ये प्रयोग म्हणून आणि १९९८ मध्ये कायमचा रद्द झाला. खडकीत वाढलेले धनराज पिल्ले यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द या बदलाच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही काळांत झाली. नियम गेल्याने लांब पासांना वाव मिळून भारतीय वळणाच्या आखूड पासांच्या खेळाचे नुकसान झाले, असे एक मत आहे. तथापि कृत्रिम मैदाने १९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकपासूनच आली होती, त्यामुळे सारा दोष या नियमबदलाला देता येणार नाही. आइस हॉकीत आक्रमक खेळाडूने चकतीच्या आधी प्रतिपक्षाच्या क्षेत्राची निळी रेषा ओलांडली तर ऑफसाइड होतो.

दुसऱ्या अर्थाचे मूळ बहुधा घोड्याशी निगडित आहे. घोड्यावर डावीकडून चढण्याची प्रथा असल्याने इंग्रजीत डावी बाजू ‘निअर’ आणि उजवी ‘ऑफ’ ठरली. तलवार डाव्या कमरेला असे म्हणून डावीकडून चढत, हे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते व ते संभाव्य आहे. पोलोत हा अर्थ जसाच्या तसा राहिला असून घोड्याच्या उजव्या अंगाने मारलेल्या फटक्यांना ऑफ साइडचे फटके म्हणतात. ब्रिटनमध्ये मोटारीची रस्त्याच्या मध्याकडील, म्हणजे चालकाची, बाजू ‘ऑफसाइड’ होय; आपल्याकडे गॅरेजमध्ये याच बाजूला ‘ड्रायव्हर साइड’ आणि ट्रकच्या दुसऱ्या बाजूला ‘क्लीनर साइड’ म्हणतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाकडे पाहणाऱ्या उजव्या फलंदाजाच्या उजवीकडील अर्धे मैदान ऑफ साइड असते, आणि घोड्याच्या ऑफ बाजूशी ते जुळते. डावखुऱ्यासाठी ते उलटे होते. फलंदाजाने ऐन वेळी पवित्रा बदलला तरी चेंडू खेळात येताना जी त्याची ऑफ साइड, तीच ग्राह्य धरली जाते. पायचीतच्या नियमात या बाजूला विशेष महत्त्व आहे. ऑफ यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देण्याची मुभा १९३५ मध्ये प्रयोगादाखल आली व १९३७ मध्ये कायम झाली. लेग यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर ती आजही नाही. सचिन तेंडुलकर यांनी जानेवारी २००४ मध्ये सिडनीला केलेल्या नाबाद २४१ धावांच्या खेळीत ऑफ साइडचा कव्हर ड्राइव्ह कटाक्षाने टाळला होता.

संगणकशास्त्रात ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६६ मध्ये फुटबॉलवरून ‘ऑफसाइड नियम’ हे नाव योजले. ओळ किती आत सरकवली आहे यावरून विधानांचा गट ओळखणाऱ्या, पायथन व हॅस्केल यांसारख्या आज्ञावली भाषांसाठी ते वापरतात. स्पॅनिशमधील फुटबॉलची संज्ञा ‘खेळाबाहेर’ याच अर्थाची आहे, तर अर्जेंटिनात इंग्रजी शब्दाचेच ‘ओर्साय’ असे रूप झाले असून बेसावध पकडल्या गेलेल्या माणसाबद्दलही ते बोलीत वापरतात.