खेळाडूंमधील वारंवारची कंबरदुखी

शेवटच्या बरगडीपासून नितंबाच्या खालच्या घडीपर्यंतच्या भागात उठणारे, काही आठवड्यांत थांबणारे आणि सराव वाढला की परतणारे दुखणे. वेगवान गोलंदाज, कबड्डीपटू, कुस्तीगीर, भारोत्तोलक आणि जिम्नॅस्ट यांच्यात ते विशेष आढळते. नागपूरच्या मैदानांवर त्याला सरसकट ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतात. शब्द फसवा आहे. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) झिजली की त्यांतले अंतर उलट कमी होते; आणि अशी झीज कंबर कधीच न दुखलेल्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते.

म्हणून फिल्म पाहण्याआधी विचारपूस महत्त्वाची. मागच्या वेळी कंबर कशाने धरली, त्याआधीच्या महिन्यात सरावात काय बदलले? वाकल्यावर, बसल्यावर, शिंकल्यावर कळ येत असेल तर गादीचा संशय येतो. मागे झुकल्यावर आली तर मणक्याच्या मागच्या सांध्यांचा किंवा कमानीतल्या हाडाचा. कळ गुडघ्याखाली उतरत असल्यास नस दबली आहे का हे कळायला उताणे झोपवून पाय सरळ उचलून पाहतात. खुबा आखडलेला असेल तर वळण्याचे काम कंबरेवर पडते. हे तपासायचे अनेकदा राहून जाते.

उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कंबरेच्या डाव्या बाजूला एका बोटाने जागा दाखवतो, तेव्हा कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या कमानीतील स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर, आधी आठवावे. साध्या एक्स-रेत सुरुवातीला ते बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडाची सूज दिसते. उपाय म्हणजे गोलंदाजी बंद, साधारणपणे किमान ३ महिने. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते आणि मुलगा पुन्हा रनअप मोजू लागतो. घोटाळा होतो तो इथेच. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये असे फ्रॅक्चर झाले, २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली, आणि जानेवारी २०२५ च्या सिडनी कसोटीत पाठीने पुन्हा दगा दिला.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, त्यामुळे उन्हाळी शिबिरे पहाटेच भरतात. परीक्षांमुळे बंद पडलेला सराव तिथे एकदम सुरू होतो. त्यात झोपेत पाणी शोषून फुगलेल्या गाद्यांवर उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकताना जास्त ताण येतो, आणि आपली मुले अंथरुणातून उठून थेट पायाचे अंगठे धरायला उभी! आधी चालणे, हळू धावणे, वाकणे नंतर.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. कंबर धरली म्हणून आठवडाभर पडून राहू नये. दुखणार नाही एवढी हालचाल चालू ठेवावी. शेकाने आणि गोळीने तात्पुरता आराम पडतो. पट्टा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवणे मला पटत नाही. पुढे पोट, पाठ आणि नितंबांची ताकद वाढवावी लागते: कुशीवरचा प्लँक, रांगत्या स्थितीत उलटसुलट हात-पाय लांबवणे, मग वजन उचलणे. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल तर आहार पुरेसा आहे का आणि हाडे कमकुवत झाली आहेत का, तेही पाहावे.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरता येणे किंवा पायातली शक्ती जाणे ही तातडीची लक्षणे. तेव्हा थेट मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स यांपैकी नागपुरातले एखादे सरकारी रुग्णालय गाठावे. ताप किंवा रात्री झोपू न देणारे दुखणेही अंगावर काढू नये. पहाटे अर्ध्या तासाहून अधिक आखडणारी आणि सरावाने सुटणारी कंबर संधिवाताची असू शकते.

खेळात परतताना गोलंदाजाने टाकलेला प्रत्येक चेंडू वहीत लिहावा, नेटमधलाही. शाळा, क्लब आणि वयोगटाचा संघ अशा तिन्ही ठिकाणी एकच मुलगा गोलंदाजी करतो आणि प्रत्येक प्रशिक्षक फक्त आपल्यासमोर पडलेले चेंडू मोजतो.