स्क्रीन भिंतीत, सेन्सर बाहेर लटकलेला: हे आलं कुठून

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या आमच्या हॉलमध्ये पंखा-लाईटच्या टच पॅनेलच्या खालून चार बारीक वायरी बाहेर आल्यात, त्यांच्या टोकाला तापमान मोजणारा नखाएवढा जांभळा बोर्ड लटकतोय, आणि पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच, काम अर्धवट सोडलंय का. नाही हो, मुद्दाम तसं ठेवलंय. मे महिन्यात पॅनेल ३६ दाखवायचं आणि बाजूला टांगलेला साधा थर्मामीटर ३२, आई म्हणाली हे स्वतःचाच ताप मोजतंय. बरोबरच बोलली, बॅकलाईट, रिले, पॉवर सप्लाय सगळं आत तापतं आणि सेन्सरही त्याच डबीत कोंबलेला. म्हणून नवा सेन्सर बाहेर काढला.

थंड देशात भिंतीवरची डबी म्हणजे मुळात थर्मोस्टॅट, खोलीचं तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारा. अमेरिकेत वॉरन जॉन्सनने १८८३ मध्येच खोलीसाठीच्या इलेक्ट्रिक थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, त्यामुळे २०११ ला नेस्ट हा स्क्रीनवाला स्मार्ट थर्मोस्टॅट आला तेव्हा तापमान मोजणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम, स्क्रीन वरचं कौतुक. आपल्याकडे हीटिंग कुठाय? आपली डबी म्हणजे स्विचबोर्ड. टचस्क्रीन आली ती पंख्या-लाईटच्या बटणांच्या जागी, सेन्सर असला तर असला.

मग लोकांनी स्वतःच जोडायला सुरुवात केली. त्या चार वायरींचं मूळ १९८२ चं आहे, टीव्हीसारख्या वस्तूंच्या आतल्या चिप्सना आपसात बोलता यावं म्हणून फिलिप्सने आयटूसी (I2C) ही पद्धत काढली, एक वायर डेटाची, एक क्लॉकची, उरलेल्या दोन पॉवर आणि ग्राउंड. प्रत्येक सेन्सरला आपापला पत्ता असतो म्हणून त्याच वायरींवर दुसरा, तिसराही बसतो. पण दुसऱ्या टोकाला स्वस्तातलं वायफाय हवं ना, ते २०१४ ला ईएसपी८२६६ या चिपने दिलं. सुरुवातीला तिची माहिती चिनी भाषेत, ती हौशी लोकांनीच भाषांतर करून वापरली. २०१६ ला तिची पुढची चिप ईएसपी३२ आली. सेन्सरमध्ये तेव्हा सगळे डीएचटी११ वर, ज्यात २ अंश इकडे-तिकडे धरूनच चालायचं, मग बॉशचा बीएमई२८० आला, तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब एकाच चिपवर. माझा जांभळा बोर्ड तोच.

खरा फरक मात्र सॉफ्टवेअरने पडला असं मला वाटतं. घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एका जागी जोडणारं होम असिस्टंट २०१३ पासून होतंच, पण प्रत्येक सेन्सरसाठी कोड लिहा, लायब्ररी शोधा, कंपाईल होईना म्हणून रात्र घालवा असा प्रकार होता. २०१८ ला या ईएसपी चिप्ससाठीचं ईएसपीहोम आलं आणि पाच-सहा ओळींच्या वायएएमएलवर, म्हणजे साध्या सेटिंग्जच्या यादीवर, काम भागायला लागलं. सोनऑफ कंपनीच्या एनएसपॅनेल या भिंतीतल्या टच स्विचमध्ये ईएसपी३२ निघाल्यावर लोक त्याच्यावर तुटून पडले ते यामुळेच. २०२१ ला आयकियाचं धूळ मोजणारं विंड्रिक्टनिंग आलं, त्यात वायफाय नाही, तर लोकांनी उघडून आत तीन वायरी सोल्डर करून ईएसपी बसवला. आणि मग ते पिवळ्या बोर्डचं २.८ इंची टचस्क्रीन, यूएसबीवर चालणारं. नवख्याने यावरच हात बसवावा, भिंतीतल्या पॅनेलमागे २३० व्होल्ट असतात, तिथे मेन बंद केल्याशिवाय स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही.

आमच्या बेल्टमध्ये हे वेड वाढलं ते वासापायी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रात्री केमिकलचा वास येतो म्हणून लोक पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचा, सेन्सर घेतात, मीही घेतला. पण त्यातला लेझर कण मोजतो, वायू नाही. वरून जुलैत दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. वासासाठी व्हीओसी, म्हणजे हवेत उडणारी रसायनं ओळखणारा सेन्सर लागतो, तोही नुसता इंडेक्स, म्हणजे कमी-जास्त सांगणारा एक आकडा देतो, वायू कोणता ते सांगत नाही. परवा रात्री अकराला वास आला, नाक चुरचुरायला लागलं, पॅनेलवर पीएमचा ग्राफ सरळ रेषेत पडलेला, आईने तिकडे न बघताच खिडकी लावून घेतली.